डीडीआर५ ट्युनिंग लॉग: सुरुवातीच्या ४८०० किटमधून अजून किती निघतंय

आधी सध्याची स्थिती सांगतो. डीडीआर५ म्हणजे डीडीआर४ नंतरच्या पिढीची रॅम. माझं ४८०० (हा स्पीड) सीएल४० (डेटा यायला किती क्लॉक थांबावं लागतं तो आकडा) वालं अगदी सुरुवातीच्या काळातलं किट, म्हणजे रॅमच्या स्टिकची जोडी, आता ५२०० सीएल३८ वर स्टेबल चालतंय, व्होल्टेज १.१ वरून १.२५ वर नेलंय, रात्रभर मेमरी टेस्ट लावून ठेवली तर एकही एरर नाही. ५६०० ला मात्र बोर्ड ट्रेनिंगमध्येच (चालू होताना बोर्ड रॅमशी टायमिंग जुळवून घेतो, त्यातच) अडकतो, व्होल्टेज अजून वाढवून बघितलं, टायमिंग ढिले करून बघितले, काही फरक नाही.

आता खरी लेटन्सी, म्हणजे डेटा यायला प्रत्यक्ष लागणारा वेळ, काढू, कारण नुसता सीएल बघून काही कळत नाही. सीएल गुणिले २००० भागिले स्पीड, की नॅनोसेकंद मिळतात. ४८०० सीएल४० म्हणजे १६.७, माझं आत्ताचं ५२०० सीएल३८ म्हणजे १४.६. आणि डीडीआर४ ३६०० सीएल१६ किती, तर ८.९! म्हणजे २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये इंटेलची १२ वी जनरेशन आली तेव्हा ज्यांनी पहिल्याच फटक्यात डीडीआर५ घेतलं त्यांना जास्त पैसे मोजून जवळजवळ दुप्पट लेटन्सी मिळाली, आणि तेच प्रोसेसर डीडीआर४ च्या बोर्डवर पण मस्त चालत होते. बँडविड्थ (सेकंदाला किती डेटा जातो ती) मात्र खरंच वाढली, ड्युअल चॅनलला डीडीआर४ ३२०० वर ५१.२ जीबी प्रतिसेकंद होती ती ४८०० वर ७६.८ झाली, त्यामुळे मोठ्या फाइल झिप करणं वगैरे कामात फायदा लगेच दिसतो, गेममध्ये तेव्हा फारसा नाही दिसायचा.

हे दर पिढीत होतं हो. २०१४ मध्ये इंटेलच्या एक्स९९ चिपसेटबरोबर डीडीआर४ आलं तेव्हा २१३३ सीएल१५ म्हणजे १४ नॅनोसेकंद, आणि तेव्हाचं साधं डीडीआर३ १६०० सीएल९ सव्वाअकरावर होतं. नंतर ३२०० सीएल१६ स्वस्त झालं आणि सगळं जागेवर आलं. डीडीआर५ चं पण तसंच, ६००० सीएल३० म्हणजे बरोब्बर १० नॅनोसेकंद, डीडीआर४ ३२०० सीएल१६ एवढंच, पण बँडविड्थ पावणेदोन पटीपेक्षा जास्त. माझ्या मते डीडीआर५ खऱ्या अर्थाने घेण्यालायक झालं ते ६००० सीएल३० सहज मिळायला लागल्यावर.

पैशापेक्षा मला जास्त टोचते ती वेगळीच गोष्ट. बायोस (बोर्डमधलं सॉफ्टवेअर) सुधारतं, चिप सुधारत नाही. माझ्या बोर्डला सुरुवातीला बूट व्हायला वेळ लागायचा, एक्सएमपी (किटवर लिहिलेला स्पीड एका फटक्यात लावणारं सेटिंग) लावलं की कधी उठायचा कधी नाही, हे सगळं अपडेट येत गेले तसं फुकटात सुटलं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये एएमडीचं एएम५ सॉकेट आलं, तिथे तर डीडीआर४ चा पर्यायच नव्हता, पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंग चालू असताना लोक कित्येक मिनिटं काळ्या स्क्रीनकडे बघत बसायचे, ते पण पुढच्या बायोसमध्ये बरंच कमी झालं. पण स्टिकवर ज्या पहिल्या बॅचच्या चिप सोल्डर केल्यात त्या तशाच राहणार. नंतर आलेल्या हायनिक्स कंपनीच्या ए-डाय चिपवर लोक ७२०० च्या पुढे जातात आणि इथे ५६०० म्हणजे भिंत. शिवाय डीडीआर५ मध्ये व्होल्टेज सांभाळणारी पीएमआयसी बोर्डवरून स्टिकवर आली, त्या पीएमआयसीच्याच टंचाईमुळे २०२१ च्या शेवटी किट मिळेनाशी झाली होती, आणि सुरुवातीच्या बऱ्याच स्टिकवर ती १.४३५ व्होल्टला लॉक असायची, म्हणजे ढकलायचं म्हटलं तरी जागा कमी.

तरी डीडीआर५ वाल्यांचं नशीब चांगलं, कारण टेक्नॉलॉजी टिकली. आरडीरॅमवाल्यांचं आठवा, म्हणजे रॅमबस कंपनीची ती वेगळ्याच जातीची रॅम. २००० च्या नोव्हेंबरमध्ये पेंटियम ४ आला तो आय८५० चिपसेटवर, रॅम फक्त आरडीरॅम, ती पण जोडीनेच लावायची आणि रिकाम्या स्लॉटमध्येसुद्धा कंटिन्युइटी मॉड्यूल (नुसतं सर्किट पूर्ण करणारी पट्टी) खोचायचं नाहीतर मशीन चालूच होणार नाही. २००३ पर्यंत इंटेल ड्युअल चॅनल डीडीआरवर गेलं पण होतं, आणि एवढी महागडी मॉड्यूल्स पुढच्या बोर्डवर लावायची सोयच उरली नाही. म्हणून नवीन रॅम आली की मी आधी हे बघतो की ती सगळे मिळून जेडेकमधून (मेमरीची स्टँडर्ड ठरवणारी संस्था) आणतायत का आणि प्रोसेसर बनवणारे इंटेल आणि एएमडी दोघेही त्याच वाटेवर आहेत का.

पुढचं काम टीआरईएफआय, म्हणजे रॅममधला डेटा टिकवायला होणाऱ्या दोन रिफ्रेशमधलं अंतर. ५२०० ला डिफॉल्ट १०१४० आहे, ते ३२७६८ वर न्यायचंय, रिफ्रेश कमी वेळा झाला की लेटन्सी अजून थोडी खाली येईल. पण हे सेटिंग गरम स्टिकला अजिबात मानवत नाही, त्यामुळे स्टिकवर वारा जाईल असा एक फॅन बसवतोय, आणि ऑन-डाय ईसीसी (चिपच्या आतलीच चूक-दुरुस्ती) एका बिटची चूक गुपचूप दुरुस्त करून टाकतं म्हणून टेस्ट नेहमीपेक्षा लांबवणार आहे. टीआरएफसी (एका रिफ्रेशला लागणारा वेळ) त्याच्यानंतर, एका वेळी एकच सेटिंग हलवतोय.