पावतीचा नंबर आधीच छापलेला असतो

सात वर्षं कोड लिहिल्यावर मी सोल्यूशन आर्किटेक्ट, म्हणजे अख्ख्या सिस्टीमची रचना ठरवणारा, झालो. पुणं सोडून छत्रपती संभाजीनगरच्या एका कंपनीत आलो. काम शेतमाल खरेदी केंद्रांच्या सॉफ्टवेअरचं होतं: वजन, पावती, पेमेंट.

पहिल्याच आराखड्यात मी अकरा मायक्रोसर्व्हिसेस मांडल्या, म्हणजे एकाच सॉफ्टवेअरचे स्वतंत्र चालणारे अकरा छोटे तुकडे. संस्थेतली माणसं जशी एकमेकांशी बोलतात तशीच त्यांची सिस्टीम घडते, हे संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्येच लिहून ठेवलंय. मुलाखतीत मी ते घडाघडा सांगितलं होतं. आमची टीम मात्र सहा जणांची. अकरा तुकडे सांभाळणार कोण, हा हिशेब मी केलाच नाही.

दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढली. लातूर जिल्ह्यातल्या औसा, निलंग्याकडच्या केंद्रांवर नेटवर्क जायचं-यायचं. उत्तर आलं नाही की मोबाइल तीच पावती पुन्हा पाठवायचा आणि एका वजनाच्या दोन नोंदी पडायच्या. खात्री होईपर्यंत पेमेंट अडकलं. दिवाळी तोंडावर आलेली आणि शेतकरी रोज केंद्रावर चकरा मारत होते. आम्ही 99.9 टक्के उपलब्धतेचा शब्द दिला होता. म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद चालतं. पण ते पावणेनऊ तास नेमके या दिवसांत आले तर त्या टक्केवारीचा शेतकऱ्याला काय उपयोग?

मी औशाच्या केंद्रावर जाऊन बसलो. तिथले मापाडीकाका पावतीपुस्तक पुढं सरकवत म्हणाले, ‘‘सायब, नंबर आधीच छापलेला असतो. वजन आमी मागून लिहितो. एका नंबरावर दोन वजनं कशी पडतील?’’

उत्तर तेच होतं. आमचा नंबर सर्व्हरवर तयार व्हायचा. तो मोबाइलवरच, पाठवण्याआधी तयार केला. तोच नंबर पुन्हा आला तर सर्व्हर नवी नोंद न करता जुनीच परत देतो. याला आयडेम्पोटन्सी म्हणतात. शब्द मला दहा वर्षांपासून ठाऊक होता.

अवघड काम पुढचं होतं. अकराचं पुन्हा एकच ॲप्लिकेशन करायचं, असं मीच व्यवस्थापनापुढं मांडलं. सोबत प्रत्येक निर्णयाची पानभर नोंद लिहिली: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय. सॉफ्टवेअर आर्किटेक्ट मायकेल नायगार्ड यांनी 2011 मध्ये सुचवलेली ही पद्धत. या पदावरचं माझं निम्मं काम आता हेच आहे. चित्रं काढण्यात फार थोडा वेळ जातो. आठवड्यातले दोन दिवस मी हट्टानं कोड लिहितो, कारण कोडपासून सुटलेल्या आर्किटेक्टचं टीम ऐकून घेते, पण मानत नाही.

पुढच्या हंगामाआधी त्याच केंद्रावर मी तासभर नेट बंद ठेवलं, मग चालू केलं. काकांनी वही उघडून बोटानं मोजलं. 43 पावत्या. स्क्रीनवरही 43.