मध्यंतराआधी १९९०, मध्यंतरानंतर २०१३

सांगलीतल्या एका नाट्यगृहात गेल्या हिवाळ्यात झालेल्या कार्यक्रमाची आखणी आयोजकांनी फोनवर सांगितली, तेव्हा ती अगदी सोपी वाटली होती. मध्यंतराआधी १९९० सालच्या 'आशिकी'ची गाणी, मध्यंतरानंतर २०१३ सालच्या 'आशिकी २'ची आणि शेवटी दोन्हींची सांगड घालणारी एक मेडले. वादक तेच, गायक तेच, ध्वनिव्यवस्था तीच. मी वाद्यवृंदांचे ध्वनिसंयोजन करतो, म्हणजे प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला मिक्सर मांडून बसतो आणि रंगमंचावरचा कोणता आवाज लोकांपर्यंत किती आणि कसा पोहोचावा हे पाहतो. ही दोन्ही चित्रपटांची गाणी मी सुटी सुटी असंख्य वेळा हाताळलेली होती. मात्र ती एकाच संध्याकाळी, एकापाठोपाठ एक, त्याच माणसांकडून वाजवून घेण्याचा प्रसंग यापूर्वी आला नव्हता.

या दोन चित्रपटांच्या संगीताची तुलना निघाली की बहुतेक ठिकाणी वय बोलते. ज्यांच्या कॉलेजच्या दिवसांत कॅसेट होती ते नदीम-श्रवण यांच्या चालींची गोडी सांगतात आणि ज्यांच्या हातात तेव्हा मोबाइल होता ते अरिजित सिंगचे नाव घेतात. दोघांचेही म्हणणे खरे असते, पण त्यातून संगीताबद्दल फारसे काही कळत नाही. त्या दिवशी दुपारी साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची जुळवणी, सुरू झाल्यावर अर्ध्या तासातच माझ्या लक्षात आले की या तुलनेचा एक भाग कानांपेक्षा बोटांना आधी कळतो.

पहिल्या भागासाठी रंगमंच गच्च भरलेला होता. दोन की-बोर्ड, त्यांतला एक सतत व्हायोलिनांच्या ताफ्याचा आवाज काढण्यात गुंतलेला, गिटार, बेस, बासरी, ऑक्टोपॅड, तबला, कोंगो आणि मधोमध ढोलक. ढोलकाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळे माइक लावले होते, कारण या गाण्यांत डाव्या बाजूचा घुमारा जितका महत्त्वाचा तितकीच उजव्या बाजूची लखलखीत थाप महत्त्वाची असते. 'नजर के सामने' हे गाणे घ्या. त्याचा मुखडा छोट्या छोट्या तुकड्यांनी बांधलेला आहे आणि तुकड्यांमधल्या फटी वाद्यांनी भरून काढलेल्या आहेत. गायक श्वास घेतो तेवढ्यात ढोलक उठाव देऊन जातो, कडव्याआधीच्या संगीतात व्हायोलिने आपली स्वतंत्र चाल गातात आणि ती चालही लोकांना मुखड्याइतकीच पाठ असते. मिक्सरवरून पाहिले तर या गाण्यात काहीही रिकामे नाही, आणि तरीही आवाज सगळ्यांच्या पुढे उभा आहे. मूळ ध्वनिमुद्रणात कुमार सानूंचा आणि अनुराधा पौडवाल यांचा आवाज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जवळजवळ एकाच पातळीवर राहतो. भाव बदलतो, स्वर वरखाली होतात, पण आवाजाचा जोर मात्र सहसा ढळत नाही.

हे असे का, याचे माझ्यापुरते उत्तर कॅसेटमध्ये आहे. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने स्वस्त कॅसेट गावोगाव पोहोचवल्या होत्या आणि ही गाणी लोकांनी रिक्षात, पानपट्टीवर, लग्नाच्या मांडवातल्या कर्ण्यावर ऐकली. त्या साधनांतून ना खालचा खर्ज नीट निघायचा, ना वरची झळाळी. निघायचा तो मधला पट्टा, ज्यात माणसाचा आवाज आणि ढोलकाची थाप दोन्ही बसतात. रस्त्यावरच्या गोंगाटात कुजबूज ऐकू जाणारच नव्हती, म्हणून या गाण्यांत ती जवळपास नाहीच. नदीम-श्रवण यांनी हे हिशेब करून केले असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या गाण्यांचा बांधा त्या काळच्या स्पीकरला चपखल बसला, आणि त्या पहिल्या मोठ्या यशाबरोबर सलग पाच वर्षे फिल्मफेअर मिळवणाऱ्या सानूंचा काळही सुरू झाला.

अडचण सुरू झाली ती आमच्या तरुण गायकामुळे. गळा उत्तम, सुरात पक्का, पण त्याने गाणे शिकले ते २०१३ नंतरच्या काळात. 'सांसों की जरूरत है जैसे' सुरू करताना त्याने माइक थेट ओठांना लावला आणि पहिली ओळ अर्ध्या श्वासात, अर्ध्या स्वरात सोडली. माइक इतका जवळ आला की आवाजातला खर्ज फुगतो आणि शब्दांची धार बोथट होते. त्यातच ढोलक सुरू झाला आणि गायक दिसत असूनही ऐकू येईनासा झाला. मी फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी मिक्सरवरची सरकती पट्टी, वर नेला तशी मॉनिटरमधून, म्हणजे गायकासमोरच्या स्पीकरमधून, शिट्टी आली. ढोलक खाली घ्यावा तर गाण्याचा कणाच मोडत होता. शेवटी अनुराधाताईंची गाणी गाणाऱ्या आमच्या ज्येष्ठ गायिका त्याच्याजवळ गेल्या.

"अरे, तू हे कानात सांगतोयस," त्या म्हणाल्या. "हे शेवटच्या रांगेला सांगायचं गाणं आहे. माइक चार बोटं लांब धर आणि पहिल्या अक्षरापासून पूर्ण आवाज लाव."

"पण ताई, मग फील कसा येणार?" त्याने विचारले.

"फील शब्दावर दे, श्वासावर नको."

त्याने तसे गायले आणि मला त्या चॅनलवर करण्यासारखे जवळपास काही उरले नाही. फेडर एका जागी ठेवला, आवाजाला थोडा इको दिला, एवढेच. संध्याकाळी प्रत्यक्ष कार्यक्रमातही पहिला भाग मी बहुतेक हात बांधून ऐकला म्हणायला हरकत नाही. या गाण्यांचा तोल वादक आणि संगीतसंयोजक यांनी आधीच साधून ठेवलेला असतो. तो बिघडू न देणे एवढेच आमच्यासारख्यांचे काम. लोक गात होते ते मुखडे, अंतरे आणि चक्क मधले व्हायोलिनांचे तुकडेही. 'धीरे धीरे से'च्या वेळी की-बोर्डवाल्याचे सूर आणि पहिल्या पाच-सहा रांगांचे 'ला ला' यांत कोण पुढे आहे हे सांगणे कठीण झाले होते.

मध्यंतरात रंगमंच मोकळा झाला. कोंगो उचलले गेले, दुसरा की-बोर्ड मागे सरकला, एक ड्रम सेट आणि दोन गिटार पुढे आल्या. ढोलक वाजवणारे काका वाद्यावर कापड टाकून माझ्याजवळ येऊन बसले. "आमची सुट्टी झाली का?" असे त्यांनी हसत विचारले, तरी त्या हसण्यात मला थोडी कुरकुर ऐकू आली. मानधन पूर्ण संध्याकाळचे आणि काम निम्म्या संध्याकाळचे, याला कोणी वादक तक्रार म्हणणार नाही, पण वाजवायला बसलेल्या माणसाला ऐकत बसणे जड जाते.

'तुम ही हो' पियानोच्या मोजक्या सुरांनी सुरू होते आणि मग आवाज येतो तो जवळजवळ एकटा. मिथुन यांनी हे गाणे स्वतःच लिहिले आणि स्वतःच संगीतबद्ध केले आहे, आणि शब्द-चालीचा एकजीवपणा त्यात जाणवतो. पण मिक्सरवर बसलेल्या माणसाला आधी जाणवते ती त्यातली रिकामी जागा. दुपारी ज्या गायकाला 'कानात सांगू नकोस' म्हणून बजावले होते, त्याला आता कानातच सांगायचे होते, आणि ते आठशे-हजार लोकांच्या कानात. प्रेक्षागृहातल्या पंख्यांची घरघर, मागच्या रांगेत कुणी उघडलेल्या वेफर्सच्या पाकिटाचा आवाज, हे सारे त्या पहिल्या ओळींच्या बरोबरीने ऐकू येत होते. फेडर वर घ्यावाच लागला. आणि मग ध्रुवपदाकडे जाताना चाल वर चढते, आवाज सुटतो, ड्रम आणि गिटार एकदम येतात. त्या क्षणी वर ठेवलेला फेडर तसाच राहिला तर आवाज फाटणार हे नक्की. मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या कंप्रेसरवर भार टाकता येतो, पण तो जास्त आवळला तर जी चढण ऐकण्यासाठी लोक थांबलेले असतात तीच सपाट होते. म्हणून ते गाणे संपेपर्यंत माझे बोट त्या एका फेडरवरून हलले नाही. गायक वर जाताना मी खाली येत होतो, तो खाली येताना मी वर जात होतो, आणि हे करताना प्रेक्षकांना काहीही कळू द्यायचे नव्हते.

मला तेव्हा स्पष्ट दिसले ते हे की पहिल्या चित्रपटाच्या गाण्यांनी आपला जोर मुखड्यात आणि वादकांच्या हातात ठेवला आहे, तर दुसऱ्याच्या गाण्यांनी तो गायकाच्या चढणीत ठेवला आहे. पहिल्यात गाणे पहिल्या ओळीलाच आपले सर्वस्व देऊन टाकते आणि मग ते पुन्हा पुन्हा देते. दुसऱ्यात ते राखून ठेवते. इअरफोन कानात घालून एकट्याने ऐकणाऱ्या माणसासाठी हे राखून ठेवणे फार परिणामकारक ठरते, कारण त्याला श्वाससुद्धा ऐकू येतो. नाट्यगृहात मात्र ते साधण्यासाठी गायकाबरोबर आणखी एका माणसाला मागून गावे लागते.

कथेचाही याच्याशी संबंध आहे. दोन्ही चित्रपटांचा नायक गाणारा आहे, पण मोहित सूरी यांच्या चित्रपटात दोन गायकांची कारकीर्दच कथानक बनते: गोव्यातल्या बारमध्ये गाणारी आरोही शिर्के नावाची मराठी मुलगी वर चढत जाते आणि राहुल जयकर हा नावाजलेला गायक खाली येत जातो. गाणे तिथे फुटण्याच्या बेतात आलेल्या माणसाचे असते, म्हणून 'सुन रहा है' अंकित तिवारी यांच्या आवाजात हळू सुरू होऊन हाकेपर्यंत जाते. महेश भट्ट यांच्या १९९०च्या चित्रपटात गाणे प्रेमात पडलेल्या दोघांचे आहे, त्यांना एकमेकांना सांगायचे आहे आणि जगाने ऐकले तरी त्यांची हरकत नाही.

आणखी एक फरक मला कामामुळे जाणवला. पहिल्या चित्रपटाची गाणी एका संगीतकार जोडीची, स्त्री आवाज अनुराधाताईंचा आणि पुरुष आवाज मुख्यतः सानूंचा. त्यामुळे एकदा मिक्सर जुळला की सगळा भाग त्याच मांडणीवर निघतो. दुसऱ्या चित्रपटाला मिथुन, जीत गांगुली आणि अंकित तिवारी असे तीन संगीतकार आणि गायक तर कितीतरी. के. के. यांचे 'पिया आए ना' आणि लगेच पलक मुच्छल-अरिजित यांचे 'चाहूं मैं या ना' ही जोडी लागली की गिटारचा पोत, आवाजामागची पोकळी, ढोबळ आवाजाची पातळी सगळेच बदलावे लागते. फिल्मफेअरने त्या वर्षी तिघांना मिळून संगीताचा पुरस्कार दिला, पण संग्रह म्हणून ऐकताना मला पहिला अधिक एकसंध वाटतो, आणि हे मत मी वयामुळे देत नाही, हे माझ्या मिक्सरवरच्या नोंदी पाहून कुणालाही कळेल.

मात्र एका बाबतीत दुसऱ्या चित्रपटाचे संगीतकार आणि निर्माते मला मोठ्या मनाचे वाटतात. त्यांनी जुन्या चालींना हात लावला नाही. पुढच्या काळात जुने गाणे नव्या ठेक्यावर चढवून देणे ही चित्रपटांच्या दुसऱ्या भागांची जणू प्रथाच झाली. 'भूल भुलैया २'मध्येही पहिल्या चित्रपटातली गाणी परत आली. 'आशिकी २'ला ते सहज जमले असते, आणि कॅसेटच्या आठवणी काढणारे लोक खूशही झाले असते.

श्रेया घोषाल यांच्या आवाजातले 'सुन रहा है' आले तेव्हा काकांची पाळी आली. हीच चाल पुरुष आवाजात आकांत करते आणि स्त्री आवाजात मऊ, भारतीय वळणाने उलगडते. आमच्या संगीतसंयोजकाने तिथे ड्रम बाजूला ठेवून तबला घ्यायचे ठरवले होते. काका उठून रंगमंचावर गेले, तबला ओढून घेतला आणि ठेका इतका कमी वाजवला की ज्या हातांनी तासाभरापूर्वी ढोलक गाजवला होता ते हेच हात, यावर विश्वास बसू नये. ज्येष्ठ गायिकेने ते गाणे गायले, आणि दिवसभरात पहिल्यांदा मला दोन्ही भागांतले गुण एका गाण्यात मिळाले: आवाज पुढे, एका पातळीवर, पण भोवती मोकळी जागा ठेवलेला.

मेडले मात्र फसता फसता राहिली. 'तुम ही हो'च्या खाली ढोलकाचा केरवा ठेका घालून दुसऱ्या बाजूने 'बस एक सनम चाहिए'मध्ये उतरायचे, अशी कल्पना होती. तालात ते बसत होते, ऐकायला बसत नव्हते. ढोलक येताच 'तुम ही हो'मधली चढण दिसेनाशी झाली, कारण ठेक्याने आधीच सगळी जागा भरून टाकली होती. सराव संपत असताना काकांनीच उपाय सुचवला. "मी ध्रुवपद संपेपर्यंत थांबतो," ते म्हणाले, "नवं गाणं पूर्ण उतरू दे, मग एक उठाव देतो आणि जुन्यात जाऊ." तसेच केले. त्या उठावावर बाल्कनीतून शिट्ट्या आल्या आणि लोकांनी पहिली ओळ गायकाच्या आधी उचलली, म्हणून मी त्याचा माइक थोडा खालीच ठेवला.

त्या कार्यक्रमाची मिक्सरमधली मांडणी मी दोन वेगवेगळ्या सीनमध्ये, म्हणजे पुन्हा जशीच्या तशी लावता येतील अशा नोंदींत, जतन करून ठेवली आहे. आता अशा संमिश्र कार्यक्रमाचे बोलणे आले की दोन्ही भागांसाठी स्वतंत्र साउंड चेक हवा, ही अट मी आधीच लिहून देतो. आयोजकांना ती सुरुवातीला जास्तीची वाटते, नाट्यगृहाचे भाडे तासावर असते ना.