दुरुस्तीचं स्पेसिफिकेशन: फोडण्यापासून बिलापर्यंत माझा अनुभव

इमारत ठाण्याकडची, तळमजला अधिक चार, आरसीसी फ्रेम (सळया घातलेल्या काँक्रीटचा सांगाडा), १९८० च्या दशकातलं बांधकाम. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (बांधकामाच्या मजबुतीची तपासणी) दर पाच वर्षांनी आणि तीस ओलांडल्यावर दर तीन वर्षांनी करायचं असतं. ते झालं होतं आणि अहवालात ‘आरसीसी दुरुस्ती’ असा एकच आकडा होता. त्यातून स्पेसिफिकेशन (काम कसं करायचं याच्या लेखी अटी) आणि बीओक्यू (कामाचे आयटम आणि त्यांच्या क्वांटिटीची यादी) काढणं, मग मोजमाप आणि बिल तपासणं हे माझं काम. स्पेसिफिकेशन लिहिताना माझा नियम एकच: जे वाक्य साइटवर टेप, व्हर्नियर (व्यास मोजायचं साधन) किंवा हातोडीनं तपासता येत नाही, ते लिहायचं नाही. ‘काम उत्तम दर्जाचं व इंजिनिअरच्या समाधानास उतरेल असं’ या ओळीवर आजवर एकही रुपया कापता आलेला नाही.

आधी चाचण्यांचे आकडे समोर घेतले. रिबाउंड हॅमरवर (पृष्ठभागावर आपटून काँक्रीटची ताकद अंदाजणारं यंत्र) मी फार विसंबत नाही. कार्बोनेशन झालेला (हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेला) पृष्ठभाग कडक होतो आणि आकडा फुगून येतो. अल्ट्रासॉनिक वेग (काँक्रीटमधून ध्वनिलहरी जाण्याचा) सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली गेला की काँक्रीट संशयास्पद. हाफ-सेल चाचणीत (सळईचं विद्युत विभव मोजतात) उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला की गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांवर. पण स्पेसिफिकेशनची व्याप्ती ठरते ती फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या द्रावणावरून. ताज्या फोडलेल्या कडेवर मारल्यावर गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळईला जपतंय, रंग आला नाही तर संपलं. कार्बोनेशन ३५ मिमी आणि कव्हर (सळईवरची काँक्रीटची जाडी) २५ मिमी असेल तर तडा दिसो न दिसो, सळई उघडीच समजायची. म्हणून ‘दिसेल तेवढंच फोडा’ असं मी लिहीत नाही. क्लोराइडही (सळई गंजवणारा क्षार) तपासून घ्यावं. काँक्रीटच्या भारतीय मानकाची, आयएस ४५६ ची, मर्यादा घनमीटरला ०.६ किलो आहे. त्याहून जास्त असेल तर नुसत्या पॅचनं (फोडून नव्यानं भरलेल्या तुकड्यानं) भागत नाही, पॅचच्या कडेला लागून असलेली जुनी सळई उलट जोरात गंजायला लागते.

कव्हरचा प्रश्न तर कागदावरच अडतो. किनाऱ्याच्या हवेला उघड्या काँक्रीटला आयएस ४५६:२००० मध्ये ४५ मिमी कव्हर सांगितलंय, आणि जुन्या छज्जांत, स्लॅबमध्ये मिळतं जेमतेम १५. तेवढी जाडी वाढवली तर वजन वाढतं, खिडकीची चौकट अडते. अशा जागी दुरुस्तीनंतर कार्बन डायऑक्साइड अडवणारं कोटिंग हा वेगळा आयटम घालायचा. ते ‘रंगकामात धरले आहे’ असं लिहिलं की हमखास साधा एक्स्टिरिअर पेंट लागतो.

फोडण्याच्या आयटममधलं पहिलं वाक्य टेकूंचं. बीमचं कव्हर काढण्याआधी त्याखाली आणि खालच्या मजल्यावर त्याच रेषेत टेकू द्यायचे. टेकूंचा दर वेगळा न मागता फोडण्याच्या दरात धरा म्हटलं की कंत्राटदार टेकूच वाचवतो, म्हणून मी तो आयटम स्वतंत्र ठेवतो. नंतरची वाक्यं अशी: पॅचची कड कटरनं १० मिमी खोल सरळ कापायची, कारण शून्यावर येणारी पातळ कड पहिल्या उन्हाळ्यात सुटते. गंजलेल्या सळईच्या मागे २० मिमी मोकळी जागा काढायची, बोट फिरलं पाहिजे. चांगली, न गंजलेली सळई ५० मिमी दिसेपर्यंत लांबीत पुढे जायचं.

खरी गोम पुढे आहे. तळमजल्यावरच्या एका बीममध्ये १६ मिमीची सळई तारेच्या ब्रशनं साफ करून व्हर्नियर लावला, तर १४ भरली. दोन मिलिमीटरच गेले असं वाटतं, पण क्षेत्रफळ २३ टक्क्यांनी घटलंय. माझ्या स्पेसिफिकेशनमध्ये दहा टक्क्यांपुढे घट म्हणजे कन्सल्टंटला (स्ट्रक्चरल इंजिनिअरला) कळवायचं आणि वीस टक्क्यांपुढे नवी सळई. आता नवी सळई जोडायची तर लॅप (जुनी-नवी सळई शेजारी ठेवायची लांबी) हवा. एम २० प्रतीच्या काँक्रीटमधल्या एफई ४१५ प्रतीच्या सळईला ताणात आयएस ४५६ प्रमाणे व्यासाच्या ४७ पट लांबी लागते. जुनं काँक्रीट बहुतेक एम १५ चं, म्हणून कन्सल्टंटनं वेगळं सांगितलं नसेल तर मी ६० पट धरतो. १२ मिमीच्या सळईला ७२० मिमी झाले. म्हणजे ३०० मिमी खराब तुकड्यासाठी दोन्ही बाजूंचे लॅप धरून १७४० मिमी लांब बीम फोडावा लागतो! ऑडिटमधली क्वांटिटी साइटवर दीडपट-दुप्पट होते ती बरीचशी इथे. हे निविदेतच लिहिलेलं असलं की सोसायटीच्या सभेत कंत्राटदारावर संशय घ्यायची वेळ येत नाही. लॅपऐवजी वेल्डिंग करायची पळवाट मी बंद करतो. त्या काळातली पीळ दिलेली टॉर सळई तापली की पिळानं आलेली ताकद घालवून बसते.

पॅच भरायचं पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) कशानं सुटतं? माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा बाँड कोटनं (मालाआधी मारायच्या चिकट थरानं). गवंडी सकाळीच सगळ्या पॅचना कोट मारून ठेवतो आणि माल दुपारी चढवतो. तोवर कोट वाळतो आणि चिकटवायच्या ऐवजी मधला पडदा होतो. म्हणून ‘कोट बोटाला चिकटत असतानाच माल लावावा, वाळल्यास खरवडून पुन्हा मारावा’ हे जसंच्या तसं मराठीत आणि हिंदीत छापून परांचीवर लावायला सांगतो. स्लॅबच्या खालून एका थराला १० ते १२ मिमी, खालचा थर खरवडलेला, पुढचा त्यावर. एकदम ३० मिमी थापलं तर स्वतःच्या वजनानं पोट सुटतं आणि आत पोकळी राहते. जाडी ४० मिमीच्या पुढे गेली की मॉर्टर बंद, मायक्रोकाँक्रीट (साच्यात ओतायचं बारीक काँक्रीट). दर ‘सरासरी जाडी’वर मागू नये. २५ मिमीपर्यंत एक, २५ ते ४० दुसरा, असे टप्पे करावेत.

जॅकेटिंगला (कॉलमभोवती नव्या काँक्रीटचा वेढा) आकडेमोड करून घ्यावी. २३० × ४५० च्या कॉलमला चारी बाजूंनी १०० मिमी दिले की ४३० × ६५० होतो. तीन मीटर उंचीला नवा माल ०.५३ घनमीटर. २५ किलोच्या पोत्यातून साधारण साडेबारा लिटर धरलं तर बेचाळीस पोती. वजनाच्या निम्मी १० मिमी खडी घालायला उत्पादकाची परवानगी असेल तर एकतीस पोती. खडीबद्दल स्पेसिफिकेशन गप्प असलं की दर पहिल्या हिशेबानं येतो आणि काम दुसऱ्यानं होतं. मोजमाप जागेवरच्या घनमीटरवर ठेवा, पोत्यांवर नको, आणि खडीचं प्रमाण लिहा. शटरिंग (ओतायचा साचा) पाणी न गळणारं, ओतणं एका बाजूनं. जॅकेट फरशीवरून सुरू करून स्लॅबखाली संपवलं तर वाढीव भार उचलायला ते कामाचं नाही. सळया पायातून निघून स्लॅबला भोकं पाडून वर जायला हव्यात, म्हणजे पायाची खोदाई आणि प्रत्येक मजल्यावरची भोकंही बीओक्यूमध्ये येतात. पार्किंगमध्ये गाडीची वाट २०० मिमीनं कमी होते, हे सभासदांना आधीच सांगून ठेवावं.

ब्रँडच्या नावापुढे ‘किंवा समतुल्य’ लिहिलं तर समतुल्य कशात, तेही लिहा. मी युरोपीय मानक ईएन १५०४-३ चे आकडे वापरतो: आर ४ वर्गाच्या मॉर्टरला दाबात ४५ मेगापास्कल, पकड २ मेगापास्कल. पॅच झाल्यावर पुल-ऑफ चाचणीचा (ओढून पकड मोजायच्या) आयटम ठेवला की हे आकडे कागदावर राहत नाहीत.

टेरेसबद्दल थोडक्यात. जुना ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा ११५ मिमीचा असेल तर चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर वजन, आणि वापरात असलेल्या गच्चीसाठी हिशेबात धरलेला चल भार (माणसं-सामानाचं वजन) १५० च्या आसपास. त्यावर दुसरा कोबा चढवणं म्हणजे गच्चीवर कायमची गर्दी उभी करणं. जुना काढा, ढाळ १:१०० द्या, पॅरापेटला वाटा मारून वॉटरप्रूफिंग ३०० मिमी वर न्या, पाणी साठवून चाचणी घ्या. राबिट एका जागी ढीग करून ठेवायचा नाही, रोज खाली.

मोजमापाची नोंद झाकण्याआधी: फ्लॅट नंबर, बीमचा क्रमांक, लांबी-रुंदी-खोली, सळईचा व्यास, टेप दिसेल असा फोटो आणि कमिटी, कंत्राटदार, साइट इंजिनिअर अशा तिघांच्या सह्या. गिलावा फोडणं आरसीसी दुरुस्तीच्या दरात आहे की नाही, हेही स्पष्ट असू द्या, नाहीतर तोच चौरस फूट दोन आयटममध्ये दिसतो. शटर उघडल्यावर आणि पाणी मारणं संपल्यावर प्रत्येक पॅच हातोडीनं वाजवायचा. पोकळ वाजेल तो खडूनं आखून बिलातून वजा करायचा आणि कंत्राटदारानं स्वतःच्या खर्चानं फोडून पुन्हा करायचा. हे कलम निविदेत असेल, तरच ती वजावट टिकते.