उष्णता गेली कुठं?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं समितीचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढं उभे राहिले ते केमिस्ट्रीचे सर. खो-खोचा संघ, स्नेहसंमेलन, मधल्या सुट्टीतली भेळ यांवर बाकीचे मित्र लिहितीलच. मी सरांवरच लिहिणार. त्यांचं नाव सांगायची गरज नाही. आपल्या शाळेत ‘केमिस्ट्रीचे सर’ म्हटलं की एकच.

दहावीपर्यंत आमचं सगळं मराठीत आणि अकरावीला एकदम इंग्रजी. वर्गातली निम्मी मुलं पन्हाळा, कागल, राधानगरीकडनं पहाटेची एस.टी. धरून येणारी. बारावीला एन्थाल्पीचा, म्हणजे अभिक्रियेत आत-बाहेर जाणाऱ्या उष्णतेच्या हिशेबाचा धडा निघाला, फळ्यावर डेल्टा एच (एन्थाल्पीतला बदल) आला आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. सरांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, ‘‘जोतिबाला केर्लीवरनं गाडीनं गेलास काय आणि पायवाटेनं चढत गेलास काय, डोंगराची उंची बदलती का रे?’’ हेसचा नियम तिथंच कळला. अभिक्रिया एका टप्प्यात होवो की चार टप्प्यांत, एन्थाल्पीतला एकूण बदल तेवढाच.

मग त्यांनी कार्बन मोनॉक्साइडचं उदाहरण घेतलं. कोळसा जाळून नुसता मोनॉक्साइड कधीच मिळत नाही, थोडा तरी डायऑक्साइड होतोच. म्हणून ती उष्णता सरळ मोजता येत नाही. पण कार्बनपासून डायऑक्साइड होताना मोलला उणे ३९३.५ किलोज्यूल (उणे म्हणजे उष्णता बाहेर पडली) आणि मोनॉक्साइडपासून डायऑक्साइड होताना उणे २८३.०, हे दोन्ही मोजता येतं. दुसरं समीकरण उलटायचं, चिन्ह बदलायचं, बेरीज करायची. उणे ११०.५. जे मोजता येत नाही ते कागदावर काढलं! सेंट पीटर्सबर्गच्या हेस या रसायनशास्त्रज्ञानं हे १८४० मध्ये मांडलं, ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सर्वमान्य होण्याच्याही आधी. हे सांगताना सरांचा आवाज चढायचा.

पण मला खरं सांगायचंय ते एका प्रॅक्टिकलबद्दल. ५० मिली एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, तेवढंच सोडिअम हायड्रॉक्साइड, आणि उदासिनीकरणाची, म्हणजे आम्ल आणि अल्कली मिळून पाणी होतानाची, एन्थाल्पी काढायची. कॅलरीमीटर, म्हणजे उष्णता मोजायची भांडी, पुरेसे नव्हते म्हणून सरांनी घरनं स्टीलचे पेले आणले आणि थर्माकोलच्या डब्यांत कापूस ठासून बसवले. दशांश अंशाचे थर्मामीटर ते स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवत. त्या दिवशी एकेक मोजून हातात दिला. आमच्या गटाचं तापमान २६.२ वरून ३२.५ वर गेलं आणि थांबलं. शंभर ग्रॅम गुणिले ४.१८ गुणिले ६.३, म्हणजे साधारण २६३३ ज्यूल. तयार झालेलं पाणी ०.०५ मोल. उत्तर आलं उणे ५२.७ किलोज्यूल प्रति मोल आणि पुस्तकात उणे ५७.३.

गटातला एकजण म्हणाला, ‘‘सर, ६.९ अंश चढलं असं लिहू का? जुळतंय.’’

सर रागावले नाहीत. पेला डब्यातनं काढून त्याच्या हातात दिला. ‘‘कसा लागतोय?’’

‘‘कोमट, सर.’’

‘‘मग हा पेला काय फुकट तापला? उष्णता गेली कुठं ते शोध. आकड्याला हात लावायचा नाही.’’

तास संपल्याची घंटा झाली, कुणी हललं नाही. पेला पुसून तराजूत ठेवला, ६० ग्रॅम भरला. स्टीलची विशिष्ट उष्णता ०.५ धरली. १८९ ज्यूल पेल्यानं घेतली होती. ती मिळवली तर उत्तर उणे ५६.४. राहिलेल्या ०.९ चं काय, असं आम्ही विचारलं. थर्मामीटरही तापला, थोडी हवेत गेली, ते तसंच लिहा, म्हणाले. त्या जर्नलवर सरांनी तांबड्या शाईनं ‘उत्तम’ लिहिलं. ती वही अजून माझ्याकडं आहे.

आज मी साखर कारखान्यांच्या बॉयलरची ऊर्जा तपासणी करतो. गिरणीतनं निघणाऱ्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, निम्मं पाणी असतं. त्याचं एकूण उष्मांक मूल्य, म्हणजे जळताना निघणारी सगळी उष्णता, किलोला २२७० किलोकॅलरीच्या आसपास धरतात, पण हाती लागतात जेमतेम १८००. बाकीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते आणि ती वाफ धुराड्यातनं निघून जाते. सर मिथेनच्या ज्वलनाचं गणित दोनदा सोडवून घ्यायचे. पाणी द्रव धरलं तर उणे ८९०.३, वाफ धरली तर उणे ८०२.३. कंसातली अवस्था लिहिली नाही तर गुण नाहीत, हा त्यांचा कडक नियम होता. त्या ८८ किलोज्यूलच्या फरकावर आज माझं घर चालतं. एका कारखान्यात धुराड्याच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर बगॅस वाळवायची यंत्रणा आम्ही बसवली, तेव्हा पहिला फोन सरांना केला आणि सगळे आकडे वाचून दाखवले. सरांनी विचारलं, ‘‘पाण्याची अवस्था कुठली धरलीस?’’

आता माझी मुलगी बारावीला आहे. हुशार आहे, सीईटीचे चार पर्याय बघून चुकीचे तीन झटक्यात खोडते. पण थर्मामीटरचा पारा चढताना तिनं पाहिलेला नाही. जर्नल क्लासमध्येच छापील आकड्यांवरून भरून घेतात आणि सगळ्यांचं उत्तर नेमकं उणे ५७.३ येतं. मला हे अजिबात पटत नाही, याचा मनापासून त्रास होतो. आपली जुनी प्रयोगशाळाही आता राहिली नाही, तिथं संगणक कक्ष झालाय असं ऐकतो. संगणक हवेतच, पण ती खोली जायला नको होती.

समितीला माझी विनंती आहे. नव्या इमारतीत एक खोली, पाण्याचा नळ आणि चार ओटे मिळाले तर थर्मामीटर, तराजू आणि पेले मी देतो. गळीत हंगाम संपला की शनिवारी दुपारी मी स्वतः येऊन बारावीच्या मुलामुलींकडून हे प्रॅक्टिकल करून घ्यायला तयार आहे. सरांना विचारलंय, पहिल्या शनिवारी तेही येतो म्हणालेत.