लोण्याचं कोकरू

पान्ना मारिया हे टेक्ससमधलं गाव सायलेशिया या मध्य युरोपातल्या प्रदेशातून आलेल्या पोलिश शेतकऱ्यांनी 1854 मध्ये वसवलं. अशा वस्त्यांनी जपलेली सर्वांत सुंदर रीत म्हणजे ईस्टरच्या आदल्या शनिवारी चर्चमध्ये आशीर्वादासाठी न्यायची परडी. तीत अंडी, पाव, मीठ, सॉसेज आणि लोण्याचं कोकरू.

कोकराचा लाकडी साचा आधी थंड पाण्यात चांगला भिजवायचा. कोरड्या लाकडाला लोणी चिकटतं आणि उघडताना कान तुटतात. लोणी मऊ हवं, वितळलेलं अजिबात नको. बोटाने कानाकोपऱ्यांत दाबून भरायचं, नाहीतर हवा अडकून थेट नाकावर खड्डा पडतो. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून साचा हळूच उघडायचा. डोळ्यांना मिरे, गळ्यात लाल फीत. आशीर्वादित अंड्यांची टरफलं कचऱ्यात टाकत नाहीत. जाळतात किंवा पुरतात.