नवतप्यातला प्रोसेसर

पाण्याने गारवा येतो हे नागपूरकराला पटवून द्यावं लागत नाही. मार्च सरत आला की माळ्यावरचे, गच्चीवरचे कूलर खाली उतरतात. गंजलेल्या टाकीला रंग फासला जातो, काळं पडलेलं वुडवूल फेकून नवीन वाळ्याच्या ताट्या बसतात, पंप बादलीत टाकून चालतो का ते बघितलं जातं. पहिल्या दिवशी तो ओल्या वाळ्याचा वास घरभर फिरला की उन्हाळा लागला असं आम्ही समजतो. बाहेर ४४, आत २९-३०. इतकी वर्षं हा गारवा अंगावर घेतलेल्या माणसाला कोणी सांगितलं की कॉम्प्युटरचा प्रोसेसर थंड ठेवायला एक पाण्याचा कूलर मिळतो आणि एक हवेचा, तर तो कुठला मागेल हे विचारायलाच नको.

माझ्या भाच्याने तोच मागितला. बर्डीवरच्या दुकानातल्या पोराने लगेच री ओढली. "पाण्याचाच घ्या भाऊ. हवेचा इकडे काही कामाचा नाही. हवाच गरम आहे आपल्याकडची, ते काय थंड करते?"

बिनतोड. ऐकणाऱ्याने खिशात हात घालावा असंच वाक्य. त्यात एवढंच विचारायचं राहून जातं की प्रोसेसरने तापवलेलं पाणी मग कोण थंड करतं.

तर तेही हवाच करते. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याची एक प्लेट बसते, आतून केसासारख्या बारीक खाचा पाडलेली. त्या खाचांतून पंप पाणी फिरवतो. नुसतं पाणी नाही, त्यात ग्लायकोल आणि गंज न धरण्याची औषधं असतात. गरम झालेलं पाणी रबरी नळीतून रेडिएटरमध्ये जातं आणि रेडिएटरवर पंखे असतात. दोन असले तर २४० मिलिमीटरचा, तीन असले तर ३६० चा. हे पंखे खोलीतलीच हवा घेतात, दुसरी आणणार कुठून? शिवाय सगळी व्यवस्था सीलबंद. खिडकीतल्या कूलरचं पाणी उडून जातं, जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून आपल्याला गार वाटतं. कॉम्प्युटरमधलं पाणी असं उडून जात नाही. ते फक्त उष्णता उचलतं आणि दोन वीत पलीकडे नेऊन टाकतं. त्यामुळे खोलीत ४० अंश असतील तर प्रोसेसरला ४० च्या खाली नेणं दोन्ही कूलरांच्या बापालाही शक्य नाही.

खरी गंमत हवेच्या कूलरच्या पोटात आहे. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या चळतीतून चार-सहा तांब्याच्या नळ्या आरपार गेलेल्या दिसतात, त्या भरीव नसतात. आतली हवा काढून घेतलेली असते आणि थेंबभर पाणी घातलेलं असतं. दाब कमी असल्याने हे पाणी फार लवकर उकळतं. खाली प्रोसेसरपाशी त्याची वाफ होते, ती वर पत्र्यांपाशी जाऊन थंड होते, पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या अस्तरातून झिरपत खाली येतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं त्याच गुणाने. म्हणजे पाण्याची वाफ करून उष्णता पळवण्याची आपल्या कूलरची विद्या या 'हवेच्या' कूलरकडे आहे. आणि 'पाण्याच्या' कूलरमध्ये पाणी नुसतं गोल गोल फिरतं. हे मी दुकानात सांगितलं नाही. गिऱ्हाइकाने दुकानदाराला शिकवू नये, तेही मे महिन्यात भर दुपारी.

नागपूरकराला अभिप्रेत आहे ते पाण्याने थंड करणं बघायचं असेल तर कोराडीच्या रस्त्याला लागावं. वीज केंद्राचे ते कमरेत निमुळते झालेले भलेथोरले मनोरे म्हणजे शेवटी खिडकीतलाच कूलर, आडवा ठेवण्याऐवजी आभाळात उभा केलेला. तिथे पाणी खरोखर उडून जातं आणि म्हणून रोज नवीन लागतं. शहराचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होऊन तिकडे जातं, त्याचं कारण हेच. आपण भांडी घासलेलं पाणी कोराडीत वीज थंड करतं आणि त्या विजेवर भाच्याचा गेम चालतो, हा हिशेब मला त्या रेडिएटरपेक्षा जास्त आवडतो.

आता आकडे. भाच्याने निवडलेला रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर फार तर ८८ वॅट खातो. समजा, अडीच-तीन हजारांचा बरा हवेचा कूलर त्याला खोलीपेक्षा ४५ अंश वर ठेवतो. परीक्षणं करणारी मंडळी हे मोजतात ते २२-२४ अंशांच्या एसी खोलीत. तिथे प्रोसेसर ६९ वर दिसतो आणि सगळे वाहवा करतात. तोच कूलर नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत आला, की ४० अधिक ४५, झाले ८५. दुप्पट पैसे मोजून पाण्याचा घेतला आणि त्याने पाच अंश वाचवले, तर ८०. वाचले पाचच, पुण्यात वाचले असते तेवढेच. नागपूरचं ऊन दोघांच्याही आकड्यात सारखंच मिळवलं जातं, त्यात कोणाला सूट नाही.

पण खोलीतला कूलर लावा. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या दुपारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला पारा २३ च्या आसपास उतरतो, पाणी उडवून गाठता येणारा तळ तोच, म्हणून ताट्यांतून येणारी हवा २८-३० पर्यंत खाली येऊ शकते. प्रोसेसरचे एका झटक्यात दहा अंश उतरले, एक रुपयाही त्याच्यावर खर्च न करता. नागपुरात प्रोसेसरचा सगळ्यात चांगला कूलर खिडकीत बसवलेला असतो, असं माझं ठाम मत आहे. फक्त कॅबिनेट त्याच्या झोतात ठेवू नये. ताट्या जुन्या झाल्या की झोताबरोबर बारीक तुषार येतात आणि आपल्या बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार जिथे बसेल तिथे बसतो. आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवावी, नाहीतर दमटपणा साचून कूलर नुसता आवाज करतो.

पाण्याच्या बाजूने बोलायचं तर बोलतो. इंटेलचा आय-नाइन १४९००के कंपनीच्याच आकड्याप्रमाणे २५३ वॅटपर्यंत जातो. असलं जनावर पाळायचं असेल तर ३६० चा रेडिएटरच हवा. दुसरं, मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर कॅबिनेटच्या आतली हवाच भट्टी होते आणि हवेचा कूलर तीच हवा ओढतो. रेडिएटर समोर लावला तर त्याला निदान खोलीतली हवा मिळते. तिसरं, पाणी तापायला वेळ घेतं, त्यामुळे मिनिटभराच्या कामात आकडा हळूहळू चढतो आणि पंखे एकदम बोंबलत नाहीत. मला याचा उपयोग नाही. मी घरांच्या आराखड्यांची थ्रीडी चित्रं करतो. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरने चित्र पूर्ण करायचं लांबलचक काम, लावून जेवायला बसलो तर ताक पिऊन होईपर्यंत पाणी तापायचं तितकं तापलेलं असतं, पुढे त्याचीही मात्रा चालत नाही.

आणि इथे उन्हाळ्याचा एक खास मुद्दा आहे. या सीलबंद कूलरांतलं पाणी साधारण ६० अंशांच्या आत राहावं, अशी अपेक्षा असते. पंप आणि नळ्या त्या हिशेबाने केलेल्या असतात. एसी खोलीत ते ३५ पर्यंत जातं आणि कोणाला काळजी नसते. आमच्याकडे सुरुवातच ४० पासून. शिवाय रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडत राहतं, उष्णतेत जरा जास्तच. उरलेल्या जागेत हवा येते, ती पंपात अडकली की कॅबिनेटमधून हुक्क्यासारखी गुडगुड ऐकू येते. बहुतेकांत पाणी पुन्हा भरायची सोय नसते. पंप बंद पडला तर प्रोसेसर आधी रांगायला लागतो आणि मग मशीन बंद. हवेच्या कूलरचा पंखा गेला, तर पाच-सातशे रुपयांत नवा आणून क्लिप लावायची. मिळेपर्यंत समोर टेबल फॅन लावून ईमेलपुरतं कामही होतं. ज्या यंत्राची दुरुस्ती मला चहा पिता पिता करता येते, त्याच्याकडे माझा ओढा असतो, यात शास्त्र कमी आणि स्वभाव जास्त आहे.

हवेचा कूलर गोंडस नसतो, हे मान्य. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा २०१४ पासून नावाजलेला, पंख्यांसकट १.३ किलोचा ऐवज, पण पंख्यांचा रंग तपकिरी आणि पिठूळ. काचेच्या कॅबिनेटमध्ये तो दिवाणखान्यात ठेवलेल्या पाटा-वरवंट्यासारखा दिसतो. भाचा म्हणाला, "मामा, थंड करते ते ठीक आहे, पण आत बघेल कोण?" मी म्हणालो, आत बघायचं काय असतं? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढे मी बोललो नाही.

आतलं बघायचं असेल तर एप्रिलच्या शेवटी बघावं. पंख्याची क्लिप सोडवून पंखा बाजूला केला, की पत्र्यांच्या कडांवर राखाडी रंगाचा नमदा बसलेला असतो. वावटळीची माती, कापडाची सुतं, वुडवूलचे तुसासारखे तुकडे, एखादं मुंगळ्याचं पंख. नखाने एक कोपरा सोडवला तर सबंध थर कापडासारखा सुटून हातात येतो आणि त्याच्यावर पत्र्यांच्या रेघा उमटलेल्या असतात. मग जुना दाढीचा ब्रश, गॅलरीत नेऊन ब्लोअर. पंख्याला बोट लावून धरायचं, नाहीतर ब्लोअरच्या हवेने तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग खातो. एवढ्याने आकडा किती उतरतो, हे ज्याने वर्षभर उघडलेलं नाही त्याने करून पाहावं. रेडिएटरलाही हाच नमदा बसतो. धूळ ब्रँड पाहत नाही.

आकड्यांचं एक सांगायला हवं. स्क्रीनच्या कोपऱ्यात ९५ दिसले की पोरांचे चेहरे पडतात. भाच्याचा प्रोसेसर ज्या घराण्यातला, ते रायझन ७००० एएमडी कंपनीने २०२२ मध्ये आणले तेव्हाच सांगून ठेवलं होतं, की जोराच्या कामात ९५ पर्यंत जाणं हे त्याच्या रचनेतच आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग आवरतो. बिघाड नव्हे. आणि आकड्याला घाबरण्याआधी तो देणाऱ्याकडेही बघावं. मे २०२४ च्या अखेरीस आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. देशभर बातमी झाली, बाहेरगावच्या नातेवाइकांचे फोन आले, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आम्हाला तोवर घामावरून कळलंच होतं की ५६ काही नव्हते. पण फोनवर कोणी तसं कबूल केलं नाही. मिळालेला मान कोण परत करतो?

जूनमध्ये सगळं उलटं होतं. पहिले दोन-तीन पाऊस पडले की खिडकीतला कूलर निकामी, हवाच ओली असल्यावर ताट्यांतलं पाणी उडणार कुठे. अंग चिकचिक करतं, उशी ओली लागते, महापालिकेवाले डासांपायी टाक्या रिकाम्या करायला सांगून जातात. प्रोसेसरला यातलं काही नाही. त्याला घाम येत नाही, त्यामुळे दमटपणाचं दुःख नाही. खोली ४० वरून २९ वर आली एवढंच त्याला कळतं, आणि आम्ही पंख्याखाली तळमळत असताना तो वर्षातल्या उत्तम दिवसांत असतो.

भाच्याने शेवटी २४० चा पाण्याचाच घेतला, दिव्यांचा. थंडाव्यासाठी नाही, दिसतो भारी म्हणून, हे त्याने माझ्यासमोर आणि दुकानातल्या पोरासमोर मोकळेपणाने सांगितलं, तेव्हा माझी तक्रारच संपली. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावून घे, म्हणजे हवेचा बुडबुडा पंपात न येता तिथे वर जाऊन बसेल, एवढं एक मी सांगितलं आणि त्याने ते ऐकलं. वाचलेले पैसे नव्हतेच, उलट अडीच हजार वर गेले. ते त्याच्या आईने दिले आणि घरी गेल्यावर मला विचारलं, "एवढा थंड करते म्हणतो, तर खोली पण थंड होईल ना रे दादा?"

मी तिला सांगितलं की नाही होणार. जेवढे वॅट मशीन खातं तेवढे सगळे शेवटी खोलीतच येतात, कूलर कोणताही असो.

"मग माझा कूलर त्याच्या खोलीत नाही द्यायची मी," ती म्हणाली.