वाल, पावटा आणि पन्नास ग्रॅमची रेघ

गेल्या चैत्रात कंधारहून एका मुलीचा फोन आला. लग्न होऊन सासरी आलेली, घरामागं दोन गुंठे जागा, आणि तिला पावट्याचं आणि घोसाळ्याचं जुनं बी हवं होतं. मी पत्ता लिहून घेतला आणि टपालखर्च कळवला. थोड्या वेळानं तिचा मेसेज आला, "ताई, रागावू नका. दुकानात दोडक्याचं पाकीट तीस रुपयांना मिळतं. तुम्ही बी फुकट देताय आणि टपालालाच पंचावन्न रुपये?"

ती भांडत नव्हती, खरोखर विचारत होती. आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. दोन दिवस तो मेसेज डोक्यातून जाईना. मग पुढचे सहा महिने मी वही आणि काटा घेऊन या एकाच गोष्टीमागं लागले: मूठभर बी महाराष्ट्रात कुठंही कमीत कमी पैशांत, न फुटता कसं पोहोचवायचं. तेच आज लिहितेय. बी वाटणाऱ्यांना उपयोग होईल, आणि राख्या, कानातली, क्रोशाची फुलं असलं हलकं काही पाठवणाऱ्यांनाही.

आधी पार्श्वभूमी. मी वाईला राहते. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांच्या डब्यांत पावटा, वाघ्या घेवडा, दुधी, दोडका, घोसाळं, तांबडा माठ असं सगळं राखेत घालून ठेवलेलं असायचं. त्या गेल्यावर ते डबे माझ्याकडं आले. बी नुसतं डब्यात ठेवलं तर मरतं, म्हणून मागेल त्याला द्यायला लागले. बियाचे पैसे घेत नाही, टपालखर्च तेवढा घेते.

पूर्वी मी सगळी पाकिटं रजिस्टर करायची. वीस ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला करासह २५ रुपये ९६ पैसे पडायचे, पुढं दर वीस ग्रॅमला थोडे वाढायचे. पावती मिळायची, माग काढता यायचा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टाचे नवे दर लागू झाले. आता गावाबाहेर जाणाऱ्या पन्नास ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला ४७ रुपये, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५५ रुपये ४६ पैसे. माझा खर्च दुपटीच्या वर गेला. कंधारच्या मुलीनं विचारलं ते यामुळंच.

पण हा दर नीट वाचला तेव्हा त्यात एक गोष्ट सापडली, जी मला आधी दिसलीच नव्हती. पन्नास ग्रॅमपर्यंत अंतराचा प्रश्नच नाही. वाईहून साताऱ्याला पाठवा नाहीतर गडचिरोलीला, ४७ म्हणजे ४७. अंतर मोजायला सुरुवात होते ती पन्नासच्या पुढं. ५१ ते २५० ग्रॅमचा एकच टप्पा आहे: दोनशे किलोमीटरपर्यंत ५९ रुपये, मग ६३, ६८, ७२ आणि दोन हजार किलोमीटरच्या पुढं ७७. म्हणजे ५१ ग्रॅमला जे पैसे, तेच २५० ग्रॅमला. पाकीट साठ ग्रॅमचं करण्यासारखा तोटा दुसरा नाही. एक तर पन्नासच्या आत राहायचं, नाहीतर अडीचशेपर्यंत भरायचं.

म्हणून पहिली खरेदी काट्याची. सोनार वापरतात तसा छोटा डिजिटल काटा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. तो आल्यावर कळलं की माझ्या पाकिटात बियापेक्षा बाकीचं ओझंच जास्त होतं. खाकी जाड लिफाफा, त्यात प्लास्टिकची पिशवी, वर चिकटपट्टीचे तीन वेढे, आणि पेरणीबद्दल मी लिहिलेलं पानभर पत्र. आत्यांच्या सवयीनं बियाबरोबर थोडी राखही जायची. राख साठवणीच्या डब्यात हवीच, पण टपालाआधी ती चाळून टाकली की तीन-चार ग्रॅम सहज सुटतात.

आता लिफाफे घरीच करते. ऐंशी जीएसएमचा एक ए-फोर कागद बरोबर पाच ग्रॅमचा असतो, त्याचा एक सुबक लिफाफा होतो. पत्राऐवजी चतकोर चिठ्ठी, सव्वा ग्रॅम. प्लास्टिक पूर्ण बंद केलं. त्याला वजनाचं कारण नाही. बियात जरा जरी ओल राहिली तरी बंद पिशवीत ते कोंदतं आणि त्याला बुरशी धरते. कागदात आणि कापडात बी श्वास घेतं.

कापडाचं सांगते, कारण त्यावर मी सगळ्यात जास्त जीव लावलाय. पहिल्या वर्षी मी पावट्याचे दाणे कागदाच्या पुडीत बांधून लिफाफ्यात नुसते सोडायची. परभणीच्या एका दादांनी फोटो पाठवला: दाण्यांची डाळ झालेली. चूक माझीच होती. पुडी घसरून उजव्या वरच्या कोपऱ्यात गेली होती, तिकिटाच्या बरोबर खाली, आणि तिकिटावर शिक्का जोरात बसणारच, ते त्याचं कामच आहे. शिवाय सगळे दाणे एका जागी गोळा झाले की लिफाफा तिथं फुगतो आणि गठ्ठ्यात दाबला जातो.

यावर उपाय गोधडीनं दिला. आत्यांच्या जुन्या मलमलच्या लुगड्याचे तळहाताएवढे तुकडे कापते, दोन तुकडे एकावर एक ठेवून गोधडीला घालतो तसा धावदोरा घालते, उभा आणि आडवा. त्यात आठ-दहा कप्पे पडतात. प्रत्येक कप्प्यात दोन-तीन दाणे. दाणे हलत नाहीत, एकमेकांवर चढत नाहीत, पाकीट सपाट राहतं. ही पिशवी दोन ग्रॅमच्या आसपास भरते. लिफाफ्यात ती डाव्या खालच्या बाजूला चार टाके घालून अडकवते आणि उजवी बाजू पूर्ण रिकामी ठेवते, म्हणजे शिक्का नुसत्या कागदावर पडतो. त्यानंतर फुटल्याचा एकही फोटो आलेला नाही. पूर्वी पार्सल मांजरपाटात शिवून लाखेची मोहोर लावून जायची, माझ्या माहेरी दिवाळीचा फराळ असाच यायचा. सुईदोऱ्याचं आणि टपालाचं नातं जुनं आहे.

एवढं केल्यावर हिशेब असा बसला: लिफाफा पाच, कापड दोन, चिठ्ठी सव्वा. वीस ग्रॅममध्ये बियाला जवळजवळ पावणेबारा ग्रॅम उरतात. पावट्याचे वीस दाणे सहा-सात ग्रॅम भरतात, माठाच्या एका ग्रॅमात हजाराच्या वर बी बसतं. एका परसाला एवढं भरपूर. आणि वीस ग्रॅमपर्यंतचं साधं पाकीट देशभरात कुठंही पाच रुपयांत जातं! पाच रुपयांचं तिकीट लावा आणि पेटीत टाका.

साध्या पाकिटाला पावती नाही, माग काढता येत नाही, हे खरं. म्हणून जे बी माझ्याकडं भरपूर आहे तेच मी साध्या टपालानं पाठवते, आणि मागणाऱ्याच्या नावाचा निम्मा वाटा घरी बाजूला ठेवते. पंधरा दिवसांत पोहोचल्याचं कळलं नाही तर तो दुसऱ्या पाकिटातून जातो. दोन पाकिटांचे दहा रुपये झाले तरी ५५ च्या किती आत आहे बघा. फक्त हे वैशाखातच उरकायचं. मृग तोंडावर आल्यावर पंधरा दिवस वाट बघायला सवड नसते. वाघ्या घेवड्याचं बी मात्र साध्या पाकिटात कधीच घालत नाही. ते माझ्याकडं थोडं आहे आणि आत्यांच्या हातचं आहे, ते स्पीड पोस्टानंच.

कुरियरही करून बघितलं. जवळच्या गावांना काही वेळा परवडतं, पण तिथं खोक्याचा आकार मोजतात हे मला महागात पडून कळलं. एका बाईंना दुधीचा अख्खा वाळलेला तुंबा हवा होता, बी आत खुळखुळणारं. खोकं तीस बाय वीस बाय वीस सेंटिमीटरचं झालं, वजन जेमतेम चारशे ग्रॅम. काउंटरवर लांबी, रुंदी, उंची गुणून पाच हजारांनी भागलं आणि अडीच किलोचे पैसे लावले. मी वाद घातला, मग घरी येऊन गणित केलं: बारा हजार भागिले पाच हजार, दोन पूर्णांक चार. नियम तसाच आहे, पण आधी कोणी सांगितलं असतं तर मी तुंबा फोडून बी पाकिटात घातलं असतं. हलकी पण मोठी वस्तू असेल तर आधी हे गणित घरी करा.

दोघा-तिघांनी सुचवलं की पुस्तकात बी ठेवून पुस्तकांच्या दरात पाठवा. तसं करू नका. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालंय, तीनशे ग्रॅमला वीस रुपये आणि पाच किलोला शंभर, वर कर. पुस्तकं पाठवणाऱ्यांसाठी फार चांगली सोय आहे आणि ती छापील पुस्तकांसाठीच आहे. आपण त्यात दुसरं काही घुसवलं तर उद्या नुकसान पुस्तकवाल्यांचं होईल. परदेशातूनही विचारणा येते. तिकडं बी पाठवायला रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, त्यामुळं ते मी करत नाही.

आता मला सापडलेली सगळ्यात मोठी गोष्ट. तिचं मूळ ५१ ते २५० ग्रॅमच्या त्याच टप्प्यात आहे. गेल्या वर्षी पुण्यातून अकरा जणांनी बी मागितलं होतं. वेगवेगळं स्पीड पोस्ट केलं असतं तर सहाशे दहा रुपये झाले असते. त्यातल्या कोथरूडच्या काकूंना मी विचारलं, "सगळ्यांची पाकिटं तुमच्या घरी पाठवली तर चालतील का?" त्या लगेच हो म्हणाल्या. अकरा पाकिटं एका मोठ्या लिफाफ्यात सपाट मांडली, एकावर एक नाही, कारण फुगलेलं पाकीट काउंटरवर पार्सलमध्ये धरतात. वजन भरलं २४१ ग्रॅम. वाई ते पुणे, ५९ अधिक कर, ६९ रुपये ६२ पैसे. माणशी सहा रुपये तेहतीस पैसे.

सात जण स्वतः जाऊन घेऊन आले. ज्या चौघांना जमेना त्यांना काकूंनी पुण्यातल्या पुण्यात स्पीड पोस्ट केलं. स्थानिक पन्नास ग्रॅमला १९ रुपये, करासह २२ रुपये ४२ पैसे. म्हणजे दोन्ही टप्पे धरून २८ रुपये ७५ पैसे, आणि मागही काढता येतो. जुन्या रजिस्टरच्या जवळपास आलो की!

नंतर काकूंनी सांगितलं ते मला पैशांपेक्षा मोलाचं वाटतं. बी न्यायला आलेल्या बायका त्यांच्या गच्चीवर तासभर थांबल्या, कुंड्या बघितल्या, आणि दोघींनी आपल्याकडचं तिखट बुटक्या मिरचीचं बी काकूंना दिलं. त्यातलं चिमूटभर पुढच्या महिन्यात स्वारगेटहून एसटीनं येणाऱ्या भाच्याच्या खिशातून माझ्याकडं आलं. त्याला तर टपालखर्चही नाही. वाईहून पुण्याला कोणी निघालं की आता मी आधी विचारते, पिशवीत एक लिफाफा बसेल का?

पत्त्याबद्दल एकच सांगते, पण ते मनावर घ्या. पिन कोड द्या, आणि तपासून द्या. पाकीट परत आलं की पुन्हा तेवढाच खर्च. वाई सातारा जिल्ह्यात आहे म्हणून लोक अंदाजानं ४१५ लिहितात, पण आमचा पिन ४१२८०३ आहे. पहिले तीन आकडे पाकीट कुठं वर्गीकरणाला जायचं ते ठरवतात, जिल्ह्याच्या नकाशाप्रमाणं ते चालतीलच असं नाही. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ते संस्कृतचे कवी होते आणि कोकणातले. वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत ते मोजायला बसा, मग त्या सहा आकड्यांचं मोल कळतं.

कंधारच्या मुलीला मी पाच रुपयांच्या साध्या पाकिटातून पावटा आणि घोसाळं पाठवलं. नवव्या दिवशी तिनं ओल्या फडक्यात मोड आलेल्या दाण्यांचा फोटो पाठवला.

यंदा पुण्यात कोथरूडच्या काकू आहेतच, नागपूरलाही एक घर मिळालंय. तिथं अकरा पाकिटं पाठवली तर ८० रुपये २४ पैसे, माणशी सव्वासात. परभणी, जळगाव आणि वर्ध्याला अजून कोणी नाही. तुमच्या घरी आठ-दहा पाकिटं पंधरा दिवस ठेवता येत असतील आणि घ्यायला येणाऱ्यांना दार उघडता येत असेल तर अक्षय्य तृतीयेच्या आत मला कळवा. पिन कोडसकट.